चार चेहरे, तीन आवाज

पेन्सिल घ्यावी, तोंड किंचित उघडं ठेवावं आणि पुढच्या दातांवर तिनं टकटक करावी. गालांचा, ओठांचा आकार बदलला की त्या टकटकीचा सूरही बदलतो. वर्गात मागच्या बाकावर बसून हा उद्योग केला नाही असा विद्यार्थी सापडणं कठीण. १९७६ साली जर्मनीत फ्रँक फारियान नावाच्या पस्तिशीतल्या निर्मात्यानं तो थेट स्टुडिओतल्या माइकसमोर केला. 'डॅडी कूल' या गाण्याची सुरुवात होते ती या दातांवरच्या पेन्सिलीनं. मागोमाग बेस गिटार येते, व्हायोलिनांचा ताफा येतो, बायकांचे आवाज येतात आणि अधूनमधून एक पुरुषी खर्ज घुमतो.

गाणं युरोपभर गाजलं. टीव्हीवर ते गाताना चौघं दिसायची: तिघी बायका आणि त्यांच्यामध्ये अंगात आल्यासारखा नाचणारा एक पुरुष. खर्जातली ओळ आली की तो माइक तोंडाशी धरायचा. पण तो खर्ज त्याचा नव्हता. तो पेन्सिल वाजवणाऱ्या फारियानचा होता. तिघींपैकी एकीचा आवाजही तबकडीवर नव्हता. म्हणजे रंगमंचावर चार चेहरे, तबकडीवर तीन आवाज, आणि त्यातला तिसरा आवाज रंगमंचावर कधीच न दिसणाऱ्या माणसाचा. 'बोनी एम' या गटाची भरभराट झाली ती याच हिशेबावर, आणि पुढे गट फुटला तोही याच हिशेबापायी.

आधी नाव, मग माणसं

फारियानचं खरं नाव फ्रान्झ रॉयटर. जन्म १९४१ सालचा, जर्मनीतल्या किर्न गावचा. वडील महायुद्धात मारले गेले. मुलानं बापाला पाहिलंच नाही. पोटापाण्यासाठी तो आचाऱ्याचं काम शिकला, जीव मात्र गाण्यात होता. त्याला वेड होतं अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या सोल संगीताचं, आणि जर्मन बाजारात खपायचा तो 'श्लागर', म्हणजे सोप्या चालींची, गोडमिट्ट मायबोलीतली गाणी. त्या प्रकारात त्यानं नावही कमावलं. 'रॉकी' हे त्यानं स्वतःच्या नावावर गायलेलं गाणं १९७६ मध्ये जर्मनीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. पण श्लागर गाणाऱ्या गोऱ्या जर्मनानं उद्या नाचाचं, काळ्या ढंगाचं गाणं आणलं, तर ते घेणार कोण?

डिसेंबर १९७४ मध्ये त्यानं तसं एक गाणं ध्वनिमुद्रित केलं. 'बेबी डू यू वॉना बम्प' हे त्याचं नाव. जमैकाच्या प्रिन्स बस्टरच्या 'अल कपोन' या जुन्या गाण्याचा त्यावर स्पष्ट ठसा होता. त्यातला खोल खर्ज फारियानचा होता आणि बायकी वाटावा असा तार सप्तकातला आवाजही त्याचाच. तबकडीवर स्वतःचं नाव घालायचं नव्हतं, म्हणून त्यानं टीव्हीवरच्या एका ऑस्ट्रेलियन मालिकेतून नाव उचललं. आर्थर अपफील्डच्या कादंबऱ्यांवर बेतलेल्या त्या मालिकेतला गुप्तहेर आदिवासी आई आणि गोरा बाप यांचा मुलगा, नेपोलियन बोनापार्ट ऊर्फ 'बोनी'. फारियाननं त्याला 'एम' जोडला. त्या मालिकेतली बोनीची भूमिका केली होती जेम्स लॉरेन्सन या गोऱ्या नटानं. म्हणजे नाव आलं तेही एकाचं रूप दुसऱ्यानं घेतलेल्या ठिकाणाहून.

१९७५ मध्ये हे गाणं हॉलंड आणि बेल्जियममध्ये चाललं. टीव्हीवाल्यांनी बोनी एमला कार्यक्रमासाठी बोलावणं धाडलं. वरात दारात उभी आणि नवरदेवाचाच पत्ता नाही, अशी फारियानची गत झाली. त्यानं घाईघाईनं माणसं गोळा करायला घेतली. पहिल्या वर्षभरात काही जण आले, काही गेले. १९७६ उजाडलं तेव्हा चौघांवर शिक्कामोर्तब झालं.

चार बेटांवरून नव्हे, तीन बेटांवरून

लिझ मिचेल जमैकाची. १९६३ मध्ये, अकरा वर्षांची असताना ती लंडनला आली. मार्शिया बॅरेटही जमैकाची, तीही लहानपणीच इंग्लंडात आलेली. मेझी विल्यम्स माँत्सेरातची. कॅरिबियन समुद्रातलं हे ब्रिटिश बेट नकाशावर शोधायलाही भिंग लागावं एवढं. ती बर्मिंगहॅमला वाढली आणि मॉडेलिंग करू लागली. बॉबी फॅरेल अरुबाचा, म्हणजे डच राजवटीतल्या बेटाचा. पंधराव्या वर्षी तो बोटीवर खलाशी म्हणून चढला, नॉर्वेत राहिला, हॉलंडमध्ये राहिला आणि डिस्कोथेकमध्ये रेकॉर्डी लावत, नाचत जर्मनीत पोचला.

ही माणसं जर्मनीत एकत्र आली त्याला कारण होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामकरी हात हवे होते, म्हणून कॅरिबियन बेटांवरून हजारो कुटुंबं तिकडे गेली. त्यांची मुलं लंडन-बर्मिंगहॅमच्या शाळांत शिकली, चर्चमध्ये गायली. साठच्या दशकाच्या शेवटी 'हेअर' या अमेरिकी संगीत नाटकाचे जर्मन प्रयोग सुरू झाले, त्यात गाणाऱ्या-नाचणाऱ्या काळ्या कलाकारांना मागणी होती. गायिका डॉना समर अमेरिकेतून म्युनिकला आली ती १९६८ मध्ये याच नाटकासाठी. लिझ मिचेलही 'हेअर'च्या निमित्तानं जर्मनीत आली, मग 'लेस हम्फ्रीज सिंगर्स' या मोठ्या गायकवृंदात गाऊ लागली. तिकडे म्युनिकच्या स्टुडिओंमध्ये एक नवं संगीत शिजत होतं. ड्रमचा ठोका घड्याळासारखा एकसारखा, वर व्हायोलिनांचा फुलोरा आणि शब्द बेताचेच. १९७५ मध्ये म्युनिकच्याच 'सिल्व्हर कन्व्हेन्शन' या गटाचं गाणं थेट अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. जर्मन तंत्र आणि काळा आवाज या जोडीला बाजार आहे, हे तेव्हा सिद्ध झालं होतं.

फारियाननं चौघांना स्टुडिओत उभं करून पाहिलं. लिझचा आवाज त्याला हवा तसा निघाला: स्वच्छ, ठाम, चर्चमधल्या गाण्याचा संस्कार असलेला. मार्शियाच्या आवाजाला धार होती. मेझी आणि बॉबी यांचे आवाज त्याला ध्वनिमुद्रणासाठी पसंत पडले नाहीत. पण बॉबी नाचायला लागला की बाकीच्यांकडे कोणाचं लक्ष जात नसे, आणि मेझीला कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याची सवय होती. कामाची वाटणी अशी झाली. लिझ आणि मार्शियानं स्टुडिओत गायचं, पुरुषाचा आवाज फारियाननं द्यायचा, आणि रंगमंचावर चौघांनी जायचं.

'डॅडी कूल' बाजारात आलं तेव्हा फारसं हललं नव्हतं. १८ सप्टेंबर १९७६ रोजी रेडिओ ब्रेमेनच्या 'म्युझिकलाडेन' या टीव्ही कार्यक्रमात चौघांनी ते सादर केलं आणि चित्र पालटलं. लोकांनी ऐकण्याआधी पाहिलं होतं. चमचमते कपडे, तिघींच्या एकसारख्या हालचाली आणि मध्ये भिंगरी झालेला बॉबी. त्यानंतर ते जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेलं, मग इतर देशांत. गटाचं रूप विकण्यात फारियानच्या कंपनीनं पुढे कसलाही संकोच ठेवला नाही. १९७७ च्या 'लव्ह फॉर सेल' या अल्बमच्या वेष्टनावर चौघं जवळजवळ उघड्या अंगानं, सोनेरी साखळ्यांत दिसतात. गुलामांचे वंशज असलेली बेटांवरची माणसं साखळ्यांत उभी करताना कोणाला काही खटकलं असेल, तर ते बाजारात दिसलं नाही.

चाली कुठून कुठून

बोनी एमच्या गाण्यांची वंशावळ काढायला बसलं तर जगाचा नकाशा समोर ठेवावा लागतो. १९७७ चं 'मा बेकर' घ्या. नाव आलं अमेरिकेतल्या केट 'मा' बार्करवरून. दरोडेखोर मुलांची ही आई १९३५ मध्ये फ्लोरिडात पोलिसी गोळीबारात मारली गेली. 'बार्कर'पेक्षा 'बेकर' तोंडात बरं बसतं म्हणून आडनाव बदललं. चाल मात्र ट्युनिशियातल्या 'सीदी मन्सूर' या लोकगीतावर उभी. 'रास्पुतीन'चा विषय रशियाचा आणि चाल ऐकताना इस्तंबूलच्या 'उस्कुदार'वरच्या जुन्या तुर्की गाण्याची आठवण येते. 'हुर्रे! हुर्रे! इट्स अ होली-हॉलिडे' हे अमेरिकेतल्या एका बालगीताच्या चालीवर बेतलेलं. यमन, भैरवी, कानडी पदं, लावण्या अशा सगळीकडून चाली आणून नाट्यपदं बांधणाऱ्या किर्लोस्करांच्या परंपरेत वाढलेल्या मराठी कानाला यात नवल वाटायचं कारण नाही.

शब्द लिहिणाऱ्यांमध्ये फ्रेड जे हे नाव ठळक. जन्मानं ऑस्ट्रियन ज्यू असलेला हा माणूस नात्झींपासून पळून अमेरिकेत गेला होता. आता तो एका जर्मन निर्मात्यासाठी इंग्रजी गाणी लिहीत होता, जी जमैकाच्या दोन बायका गाणार होत्या आणि ज्यांवर अरुबाचा एक खलाशी नाचणार होता.

१९७८ चा एप्रिल आला आणि 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' बाजारात उतरलं. शब्द बायबलमधल्या स्तोत्रसंहितेचे, मुख्यतः १३७ व्या स्तोत्राचे. बॅबिलॉनमध्ये बंदिवान झालेले ज्यू नदीकाठी बसून आपल्या देशाच्या आठवणीनं रडतात, असं ते स्तोत्र. जमैकाच्या रास्ताफारी पंथीयांना त्यात स्वतःची कहाणी दिसली होती. आफ्रिकेतून पकडून आणलेल्यांचे ते वंशज, आणि गोऱ्यांचं राज्य हे त्यांचं बॅबिलॉन. 'द मेलोडियन्स' या जमैकन त्रयीनं १९७० मध्ये हे गाणं केलं तेव्हा त्यात रास्ताफारी शब्द मुद्दाम पेरले होते. बोनी एमच्या आवृत्तीत ते शब्द गेले आणि मूळ बायबलचे शब्द परत आले. श्रेयनामावलीत मेलोडियन्सच्या ब्रेंट डो आणि ट्रेव्हर मॅकनॉटन यांच्या शेजारी फारियान आणि त्याचा सहकारी रेयाम यांचीही नावं आली. धार गेली, गोडवा राहिला, आणि तो डिस्कोत जितका चालला तितकाच चर्चच्या सहलीतही चालला.

ब्रिटनमध्ये हे गाणं पाच आठवडे पहिलं होतं. पश्चिम जर्मनीत सतरा आठवडे. हा विक्रम तिथे जवळजवळ चाळीस वर्षं टिकला. २०१७ मध्ये 'देस्पासितो'नं त्याची बरोबरी केली. ब्रिटनमध्ये मग आणखी एक गंमत झाली. गाणं यादीत विसाव्या क्रमांकापर्यंत घसरल्यावर रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी करून लावायला सुरुवात केली. मागच्या बाजूला होतं 'ब्राउन गर्ल इन द रिंग', जमैकात मुली गोल करून फेर धरताना म्हणतात ते खेळाचं गाणं. लिझनं ते बोनी एममध्ये यायच्या आधीही एकदा ध्वनिमुद्रित केलं होतं. उलट्या बाजूच्या जोरावर तीच तबकडी परत चढत दुसऱ्या क्रमांकावर पोचली. एकट्या ब्रिटनमध्ये तिच्या सुमारे वीस लाख प्रती विकल्या गेल्या. त्याच वर्षी नाताळात 'मेरीज बॉय चाइल्ड' पहिल्या क्रमांकावर आलं आणि त्याच्याही दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

अमेरिकेत मात्र डाळ शिजली नाही. 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' तिथे तिसाव्या क्रमांकाच्या वर गेलं नाही, आणि तीच तिथली त्यांची सर्वांत मोठी मजल. त्याची भरपाई दुसऱ्या महासत्तेनं केली. डिसेंबर १९७८ मध्ये सोव्हिएत सरकारच्या निमंत्रणावरून बोनी एम मॉस्कोला गेले आणि क्रेमलिनजवळच्या 'रोसिया' सभागृहात त्यांचे दहा कार्यक्रम झाले. लाल चौकात, बर्फात, फरचे कोट घालून उभ्या असलेल्या चौघांची छायाचित्रं जगभर छापली गेली. अट एकच होती: 'रास्पुतीन' गायचं नाही. झारच्या राणीला भुरळ घालणाऱ्या त्या साधूचं नाव सोव्हिएत रंगमंचावर नको होतं. सरकारी 'मेलोदिया' कंपनीनं त्यांचा अल्बम रशियात काढला तोही ते गाणं वगळून. पुढच्या वर्षी पोलंडमधल्या सोपोत महोत्सवातही हीच सूचना मिळाली. तिथे त्यांनी ते गाऊनच दाखवलं.

भारतात त्यांची हवा होती ती आधी कॅसेटींमधून. आणि थोडी आडवाटेनंही. फारियानच्याच छत्राखाली 'इरप्शन' नावाचा आणखी एक गट होता. त्यांचं 'वन वे तिकिट' बप्पी लाहिरींनी उचललं आणि १९८० च्या 'प्यारा दुश्मन'मध्ये मुंबईत वाढलेल्या उषा उत्थुप यांच्या भरदार आवाजात 'हरी ओम हरी' झालं. इरप्शननं ते अमेरिकेच्या नील सेडाकाकडून घेतलं होतं. म्हणजे इथेही मूळ मालक तिसराच. 'रास्पुतीन'ची चाल हिंदी चित्रपटात आली ती बऱ्याच उशिरा, २०१२ च्या 'एजंट विनोद'मध्ये.

कोणाचा गळा

बॉबी आणि मेझी तबकडीवर गात नाहीत, ही गोष्ट फार काळ लपली नाही. १९७८ मध्येच फारियाननं ती उघडपणे मान्य केली. आरडाओरडा झाला, पण विक्रीवर परिणाम झाला नाही. कार्यक्रमांत चौघांच्या हातात माइक असायचे, लिझ आणि मार्शिया खरोखर गायच्या आणि लोक नाचायला आलेले असायचे.

आपल्याकडे एकाच्या ओठांवर दुसऱ्याचा आवाज ही रोजची गोष्ट. तरी सुरुवातीला आपल्याकडेही हिशेब चुकलेलाच होता. १९४९ च्या 'महल'मधलं 'आएगा आनेवाला' तबकडीवर आलं तेव्हा गायिका म्हणून नाव होतं 'कामिनी'. ते मधुबालाच्या पात्राचं नाव. आकाशवाणीवर श्रोते विचारू लागले, ही कामिनी कोण, तेव्हा लता मंगेशकर हे नाव पुढे आलं. फिल्मफेअरनं पार्श्वगायनाचा वेगळा पुरस्कार सुरू केला तो १९५९ मध्ये, आणि पहिला मिळाला लताबाईंनाच. नाव पडद्यावर, तबकडीवर, रेडिओवर येऊ लागलं आणि मग उसना आवाज फसवणूक राहिला नाही, तो एक पेशा झाला.

बोनी एममध्ये असा करार कधीच झाला नाही. नाव एक, गट एक, आणि त्याखाली कोण काय करतं ते धूसर. यश येत होतं तोवर हे धूसर असणं सगळ्यांच्या सोयीचं होतं. पण ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात पैसा वाटला जातो तो श्रेयाप्रमाणे. गीतकार किंवा संगीतकार म्हणून नाव असेल तर गाणं जिथे वाजेल तिथली रॉयल्टी मिळते, वर्षानुवर्षं. नाचणाऱ्याला तसा हक्क नाही. गाणाऱ्यालाही मुख्यतः करारात असेल तेवढंच. श्रेयनामावलीत फारियानचं नाव जागोजागी होतं, निर्माता म्हणूनही आणि संगीतकार म्हणूनही. चौघांचे चेहरे जगाला पाठ होते आणि गटाच्या नावावर मात्र त्यांचा हक्क किती, हे कुठे स्पष्ट नव्हतं.

फड फुटला

१९७९ च्या जुलैत शिकागोच्या एका बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून त्याला सुरुंग लावला गेला. अमेरिकेत डिस्कोची लाट त्यानंतर झपाट्यानं ओसरली, युरोपात जरा हळू. बोनी एमचा 'ओशन्स ऑफ फँटसी' त्या वर्षी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला खरा, पण १९८१ चा 'बूनूनूनूस' हा दोन तबकड्यांचा भारी अल्बम त्या मानानं फिका पडला. जमैकन बोलीत या शब्दाचा अर्थ आनंद, उल्हास. गटात तो उरला नव्हता. बॉबी वेळा पाळेना, फारियानशी त्याचे खटके उडू लागले, आणि १९८१ मध्येच तो बाहेर पडला.

त्याच्या जागी आला रेगी त्सिबो, घानामध्ये जन्मलेला, ब्रिटनमध्ये राहणारा नट-गायक. त्याला गाता येत होतं. कागदावर पाहिलं तर गट आता जास्त खरा झाला होता. पण गिऱ्हाईक घटतच गेलं. डिस्को संपला हे त्याचं मोठं कारण. दुसरंही एक होतं. लोकांना बोनी एम म्हटलं की बॉबी डोळ्यांपुढे यायचा. ज्याचा आवाज एकाही गाण्यात नव्हता तो गेल्यावर गटाची ओळखच गेली. फारियानलाही ते कळलं असावं, कारण १९८४ मध्ये बॉबी परत आला. १९८५ मध्ये 'आय डान्स' हा शेवटचा अल्बम निघाला आणि १९८६ मध्ये, दहा वर्षं पूर्ण झाल्यावर, गट अधिकृतपणे संपला.

संपला म्हणजे खरं तर तेव्हा फुटायला सुरुवात झाली. नाटक कंपनी फुटणं, तमाशाचा फड फुटणं मराठी माणसाला नवं नाही. १९१३ मध्ये किर्लोस्कर मंडळीतून बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले, पण त्यांनी 'गंधर्व नाटक मंडळी' असं नवं नाव घेतलं. इथे सगळ्यांना जुनंच नाव हवं होतं. १९८८ मध्ये जुन्या गाण्यांना नवा साज चढवून अल्बम काढला गेला, चौघं पुन्हा एकत्र आली, आणि लवकरच लिझ वेगळी झाली. १९८९ मध्ये बॉबी, मार्शिया आणि मेझी यांनी लिझच्या जागी नवी गायिका घेऊन, फारियानला बाजूला ठेवून बोनी एमच्या नावावर एक गाणं काढलं. फारियाननं कायद्याची धमकी दिली आणि तबकडी बाजारातून मागे घेतली गेली. मग त्यानं लिझ आणि रेगी त्सिबो यांना घेऊन स्वतःचा बोनी एम उभा केला. एकाच वेळी दोन बोनी एम. पुढे तर चौघांचेही आपापले संच फिरू लागले आणि जाहिरातीत गटाच्या नावाशेजारी कोणा एकाचं नाव छापण्याची पद्धत पडली. श्रोत्यांनी तिकीट काढताना ते बारीक अक्षरातलं नाव वाचायचं. ते लिझचं असेल तर तबकडीवरचा आवाज ऐकायला मिळणार, बॉबीचं असेल तर टीव्हीवरचा नाच पाहायला मिळणार.

वाटणी झाली ती अशी. आवाज एकीकडे गेला, रूप दुसरीकडे, आणि चाली तिसऱ्याकडे राहिल्या.

पुन्हा तोच डाव

फारियान मात्र या अनुभवातून निराळंच शिकला. १९८८ मध्ये त्यानं रॉब पिलाटस आणि फॅब मॉर्व्हन या दोन देखण्या नर्तकांना पुढे करून 'मिली व्हनिली' काढला. इथे दोघांपैकी एकाचाही आवाज गाण्यांत नव्हता. गाणारे सगळे पडद्यामागे. बोनी एमला न जमलेली अमेरिका या जोडीनं जिंकली. जुलै १९८९ मध्ये कनेक्टिकटमधल्या एका कार्यक्रमात वाजत असलेला ध्वनिमुद्रित आवाज अडकला, एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहिला आणि रॉब मंचावरून पळाला. तरीही फेब्रुवारी १९९० मध्ये त्यांना सर्वोत्तम नव्या कलाकाराचं ग्रॅमी मिळालं. नोव्हेंबरमध्ये फारियाननं स्वतःच सत्य सांगितलं आणि ग्रॅमी परत घेण्यात आलं. फसवले गेलो म्हणून अमेरिकेत श्रोत्यांनी खटले भरले. दोघा पोरांचं करियर एका आठवड्यात संपलं. रॉब पिलाटस १९९८ मध्ये मेला, तेव्हा तो ऐन तिशीत होता.

बोनी एमला जे खपलं ते मिली व्हनिलीला का नाही? बोनी एममध्ये तबकडीवरच्या दोन्ही मुख्य गायिका रंगमंचावर उभ्या होत्या, माणसाला धरायला काहीतरी खरं होतं. शिवाय त्यांना कोणी श्रेष्ठ गायक म्हणून गौरवलं नव्हतं. लोक त्यांच्याकडे जत्रेत जावं तसे गेले होते. ग्रॅमी हे गळ्याला दिलेलं प्रमाणपत्र होतं, आणि गळाच दुसऱ्याचा निघाला.

बॉबी फॅरेल शेवटपर्यंत फिरत राहिला. पूर्व युरोपात आणि रशियात त्याला कायम मागणी असायची. १९७८ मध्ये तिथे 'रास्पुतीन' चोरून ऐकणारी पोरं आता पन्नाशीची झाली होती आणि सोव्हिएत संघ इतिहासजमा झाला होता. २९ डिसेंबर २०१० च्या संध्याकाळी त्यानं सेंट पीटर्सबर्गमध्ये कार्यक्रम केला. ३० तारखेला सकाळी तो हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडला. वय ६१. ग्रिगोरी रास्पुतीनचा खून झाला तोही याच शहरात, ३० डिसेंबर १९१६ रोजी. फारियान २०२४ च्या जानेवारीत मायामीत वारला, ८२ व्या वर्षी.

मधल्या काळात, २०२१ मध्ये, मॅजेस्टिक नावाच्या एका ब्रिटिश डीजेनं 'रास्पुतीन'ला नवा ठेका दिला. टिकटॉकवर त्या गाण्याची लाट आली आणि ब्रिटनमध्ये ते अकराव्या क्रमांकावर पोचलं. वयानं बोनी एमच्या नातवंडांत शोभतील अशी पोरं त्यावर नाचली, आणि त्यातली बरीच जण मूळ गाणं शोधत यूट्यूबवर गेली. तिथे १९७८ चं चित्रण आहे. तिघी बायका ठेक्यावर डुलताहेत, मध्ये बॉबी गिरक्या घेत, पाय उडवत नाचतो आहे. खर्जातली ओळ येते, तो माइक तोंडाशी नेतो आणि फारियान गातो.